चुलतभाऊ

ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं, तेव्हा तिच्या धाकट्या भावानं एवढंच विचारलं, "माझी चालेल का?" तपासण्या झाल्या. चालत होती. हा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. चाळिशी उलटलेली, अंगानं चांगला आडवा, पण ताई त्याला बारक्याच म्हणायची आणि तिच्यामुळे घरचे सगळेच.

अडचण किडनीची नव्हती, देशाची होती. ताई लग्नानंतर ज्या देशात राहत होती, तिथं दोन पुरुषांनी संसार करणं हा गुन्हा होता. माणसं तुरुंगात जात. आणि बारक्याचा बऱ्याच वर्षांचा संसार मास्तरांशी होता. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. इकडे त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, निदान कायद्याला तरी.

त्या देशाबद्दल मास्तरांचं मत पक्कं होतं. एकदा शाळेची मुलं गणिताच्या स्पर्धेला तिकडे जायची होती, तेव्हा त्यांनी मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं, "जिथं मी गुन्हेगार आहे, तिथं मी पाहुणा म्हणून जाणार नाही." मुलं दुसऱ्या शिक्षकाबरोबर गेली आणि बक्षीस घेऊन आली.

"ताईला इकडे नाही का आणता येणार?" मास्तरांनी विचारलं. बारक्या भांडी घासत होता, ते पुसत होते.

"डॉक्टर विमानात बसू देत नाहीत तिला."

"मग तुला जायलाच हवं."

"आणि तू?"

"मी आलो तर कोण म्हणून सांगशील?"

"मित्र."

"इतकी वर्षं एका घरात राहणारा मित्र. तिकडचे लोक काय दूधखुळे आहेत?"

बारक्या एकटाच गेला. निघायच्या आधी त्यानं बसून मोबाईलमधले दोघांचे फोटो काढून टाकले. बराच वेळ लागला. तेवढ्यात मास्तर बाहेर चक्कर मारून आले.

ताईच्या शरीरानं किडनी बिनतक्रार स्वीकारली. बारक्याच्या पोटात मात्र रक्तस्राव सुरू झाला आणि त्याला पुन्हा ऑपरेशनला घ्यावं लागलं. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, एका कंपनीचं गोदाम सांभाळायचे. मास्तरांचा विषय त्यांनी आजवर कधी काढला नव्हता. त्या दुपारी त्यांनीच फोन केला. मास्तर वर्गावर होते.

"तुम्ही या. जरा शुद्धीवर आला की तुमचंच नाव घेतोय." मग थांबून म्हणाले, "चुलतभाऊ म्हणून या. मी तसंच सांगून ठेवलंय."

मास्तरांनी वर्ग अर्ध्यावर सोडला. आपल्या मताचं काय झालं, हा विचार त्यांना विमानात बसल्यावर सुचला. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं कुणाकडे आलात म्हणून विचारलं. "चुलतभाऊ आजारी आहे," ते म्हणाले. अधिकाऱ्यानं मान वर न करता शिक्का मारला. खोटं इतकं सहज निघालं, याचाच त्यांना राग आला.

बारक्या पिवळा पडला होता. नाकात नळी, हाताला सुई. मास्तरांनी त्याचा दुसरा हात धरला आणि लगेच सोडला. चुलतभाऊ किती वेळ हात धरतो, याचा त्यांना अंदाज नव्हता. सलाईन बदलायला आलेली नर्स म्हणाली, "धरा की घट्ट. घाबरलाय बिचारा." मग त्यांनी धरला.

पुढे बारक्या ताईच्या घरी पडून होता आणि मास्तर त्याचं पथ्यपाणी बघत होते. भावोजी त्यांना गरम पाणी आणून देत, औषधं आणत, आणि हळूच सांगत, "दार उघडं ठेवत जा. लोक येत-जात असतात."

एकदा शेजारी आले. मास्तरांकडे निरखून बघत म्हणाले, "चुलतभाऊ का? चेहरा काही जुळत नाही."

"आईच्या बाजूचा आहे," भावोजी घाईनं बोलून गेले आणि तिथंच गडबडले.

आतल्या खोलीतून ताई ओरडली, "आईच्या वळणावर गेलाय, असं म्हणायचंय त्यांना!"

शेजारी गेल्यावर टाके दुखेपर्यंत ताई हसली. बारक्याही हसला. मास्तर मात्र कपबशी हातात घेऊनच दारापर्यंत गेले आणि शेजारी गेल्याची खात्री करून आले. मग त्यांनी ती खाली ठेवली.

निघायच्या दिवशी ताई म्हणाली, "आता दर वर्षी यायचं दोघांनी."

"नाही ताई," मास्तर म्हणाले. "मी पुन्हा येणार नाही. तुमच्या घराविषयी नाही म्हणत. पण मला नाही जमत हे."

ताईनं भावाकडे पाहिलं. "किडनी दिलीस आणि बहीण टाकलीस?"

"किडनी इथंच द्यावी लागणार होती," बारक्या म्हणाला. "भेटायला तू ये ना तिकडे. इतक्या वर्षांत एकदा तरी आलीस?"

"मला वेळ..." म्हणून ती थांबली. पदराशी चाळा करत राहिली. "माझी हिंमत व्हायची नाही. तुम्ही दोघं कुठं झोपत असाल, मी कुठं बघायचं, असलं काहीबाही मनात यायचं."

बाहेरून भावोजींनी गाडी आल्याचं सांगितलं.

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिल्यावर ताई खरंच आली. भावोजींना रजा मिळाली नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या आजींनी तिला विचारलं, "तुम्ही मास्तरांच्या कोण?"

ताईनं क्षणभर विचार केला. "नणंद," ती म्हणाली.

"बरं झालं आलात," आजी म्हणाल्या. "त्यांच्या सासरचं कुणी येतच नाही."

ताई महिनाभर राहिली. स्वयंपाकघरात डबे कुठं ठेवायचे यावरून तिचं आणि मास्तरांचं रोज वाजायचं. बारक्या मध्ये पडायचा नाही, कामावर निघून जायचा. मग ती परत गेली. तिकडचा कायदा अजून तसाच आहे. मास्तर पुन्हा तिकडे गेले नाहीत. मध्यंतरी ताईला ताप आला, तेव्हा बारक्या एकटाच जाऊन आला. त्यावरून त्याच्यात आणि मास्तरांत चार दिवस अबोला होता. पाचव्या दिवशी मास्तरांनीच ताईला फोन लावला आणि ताप उतरला का, म्हणून विचारलं.