निकेलपर्यंत

"फोर एस टू," जगन म्हणाला आणि थांबला. मैनाने तेवढं लिहून पेन उचललं.

पेणच्या कॉलेजात बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर चालू होता. जगनचे दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होते. महिन्यापूर्वी जोहे गावी, काकाच्या गणपतीच्या कारखान्यात स्प्रेगन धुताना थिनर पेटलं. तेव्हापासून लोक म्हणत, पोरगा धीराचा. धीर कसला, आत सगळं बधिर झालं होतं. मूर्तींचे डोळे आखणारी बोटं आता वळायची नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही तो नुसता ऐकत बसला. आता केमिस्ट्री सुटली तर पुढचं कॉलेज, नाहीतर त्याच कारखान्याच्या दारात बसून राहणं.

लेखनिक म्हणून शेजारची मैना मिळाली, अकरावी आर्ट्सची. तिला यातलं ओ का ठो कळत नव्हतं, म्हणून तर परवानगी होती.

प्रश्न निकेलचा होता. अणुअंक दिला नव्हता. आवर्तसारणीतली जागा आठवून इलेक्ट्रॉनांची मांडणी सांगायची. चौथ्या ओळीतली एसची दोन घरं झाली. पुढे डीची घरं निकेलपर्यंत मोजायची. ती तो नेहमी बोटांच्या पेरांवर मोजी. आता बँडेज तेवढं थरथरलं. स्कँडियम, टिटॅनियम, आणि पुन्हा स्कँडियम.

मैनाने ते पाहिलं. डावा हात उताणा बाकावर ठेवून तिने अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकवला.

जगन एकेक नाव पुटपुटू लागला. नावागणिक तिचा अंगठा पुढे सरके.

"कसल्या खुणा चालल्यात?"

पर्यवेक्षक बाई समोर उभ्या होत्या. पेपर रद्द व्हायला एवढंही पुरे होतं. मैना घाबरली, पण हात तिने मागे घेतला नाही.

"खुणा नाय, बाई. मोजतो तोच. बोटं तेवढी माझी हायत."

बाईंनी बँडेजकडे पाहिलं, मग खुर्ची ओढून त्या समोरच बसल्या.

"हात मला दिसेल असा ठेव," त्या म्हणाल्या.

जगनने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अंगठा मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर आला.

"निकेल. थ्री डी एट."

मैनाने लिहिलं आणि डावा हात आवरता घेतला. महिनाभरात जगनने कुणाकडे काही मागितलं नव्हतं, पाणीसुद्धा.

"हात ऱ्हाऊ दे गो," तो म्हणाला. "पुढं कॉपर हाय."