मार्लिसच्या गाडीतलं रेसचं ऑइल

सकाळी सातला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला आणि मार्लिसने तो दोन्ही हातांनी धरला. फार्गोच्या हॉस्पिटलमधून बाई बोलत होती. मूत्रपिंड मिळालं होतं. तीन वर्षं दोन महिने मार्लिसचं नाव यादीत होतं. आठवड्यातून तीन दिवस जवळच्या डेव्हिल्स लेक गावी जायचं, चार-चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडून घ्यायचं आणि पिळून काढल्यासारखं घरी यायचं, असं तिचं आयुष्य झालं होतं. जानेवारीतल्या या मंगळवारी तिचा नंबर लागला.

"बारापर्यंत पोचा," बाई म्हणाली. "आणखी एका पेशंटला आम्ही बोलावून ठेवतोय. तुम्ही आला नाहीत तर त्याला द्यावं लागेल."

फार्गो तीन तासांवर. बॅग तीन वर्षांपासून भरलेलीच होती. ऑर्लिनने बायकोला मिठी मारली, तिच्या केसांत तोंड खुपसून तो थोडा रडला आणि मग डोळे पुसून म्हणाला, "पाच मिनिटांत गाडी दारात आणतो."

ऑर्लिन हॉगनने मातीच्या ट्रॅकवर सव्वीस वर्षं गाड्या पळवल्या होत्या. गावात कुणाच्याही इंजिनाचं काही दुखलंखुपलं की तो बॉनेटला कान लावून रोग सांगायचा, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असायचा. बरोबर असण्याची सवय लागलेल्या माणसाचं जे होतं तेच त्याचंही झालं होतं.

बाहेर शून्याखाली बत्तीस. रात्री दोनला वाऱ्याने तारा तुटून वीज गेलेली. थंडीत इंजिन रात्रभर ऊबदार ठेवणाऱ्या विजेच्या हीटरची वायर ऑर्लिनने झोपण्यापूर्वी नेमाने भिंतीतल्या प्लगमध्ये खोचली होती, पण वीजच नसल्याने तिचा काही उपयोग झाला नव्हता. त्याने किल्ली फिरवली. इंजिन एकदा कण्हलं, अर्धं वळलं आणि थांबलं.

बॅटरी नव्हे, हे त्याला आवाजावरूनच कळलं. ते ऑइल होतं, आणि ते त्यानेच घातलं होतं.

ऑक्टोबरमध्ये रेसचा हंगाम संपला तेव्हा त्याच्याकडे रेसच्या ऑइलचे दोन खोके उरले होते. वीस-पन्नास नंबरचं, सिंथेटिक, दाट, महागडं. मार्लिसच्या छोट्या गाडीचं ऑइल बदलायला झालंच होतं. त्या गाडीला पातळ शून्य-वीस लागतं, असं तिच्या पुस्तकात छापलेलं होतं. ऑर्लिनने ते पुस्तक कपाटात टाकलं आणि रेसचं ते महागडं ऑइल बायकोच्या गाडीत ओतलं. प्रेमानेच ओतलं. यातलं वाईट हेच होतं.

धान्याच्या कोठारावरच्या ऑफिसात सकाळी कॉफीला जमणाऱ्या मंडळींना त्याने हे सांगितलंही होतं. तिथे क्लॅरिस होती. चार मैलांवर एकटी राहणारी, चौऱ्याहत्तर वर्षांची, जिभेने तिखट.

"अरे, तुझी रेसची गाडी गरम करून पळवतोस, आठ-दहा रेसनंतर ऑइल फेकून देतोस," ती म्हणाली होती. "मार्लिसची गाडी थंडीत उभी असते आणि तेच ऑइल वर्षभर वापरायचं असतं. दोन्हीला एकच कसं चालेल?"

"सिंथेटिक म्हणजे सिंथेटिक, क्लॅरिस. ते गोठत नाही. तुमचं ते शून्य-वीस ऑइल आहे की पाणी? जरा कॉफीत घालून बघा, फरक कळणार नाही."

"माझी गाडी चर्चला जाते बाबा, ट्रॅकवर नाही. पुस्तकात लिहिलंय ते घालते. पुस्तक लिहिणारा तुझ्याएवढा हुशार नसेल कदाचित."

सगळे हसले होते, ऑर्लिन सगळ्यांत मोठ्याने. क्लॅरिसच्या 'पाण्या'वरून तो अकरा वर्षं तिची टर उडवत आला होता. नोव्हेंबर-डिसेंबरात गाडी रोज सुरू झाली, कारण रात्रभर हीटर चालायचा. त्याची चूक ती वायर झाकून ठेवत होती, आणि त्याला वाटत होतं आपलंच बरोबर.

त्याची पिकअप शेडमध्ये होती, गिअरबॉक्स खोलून जमिनीवर मांडलेला. रेसची गाडी रस्त्यावर चालत नाही. म्हणजे आशा होती ती याच गाडीची.

जड झालेलं इंजिन फिरवायला जोर हवा म्हणून त्याने रेसच्या गाडीची बॅटरी काढून आणली, दोन्ही बॅटऱ्या जोडल्या, किल्ली फिरवली. तिसऱ्या खेपेला इंजिन धडधडत सुरू झालं. ऑर्लिनच्या पायाने सव्वीस वर्षांच्या सवयीने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, कारण ट्रॅकवर इंजिन मरू लागलं की दाबायचाच असतो. समोर ऑइलचा लाल दिवा पेटलेला होता. खाली ऑइल थंडगार मधासारखं बसलं होतं, पंपाला वर खेचता येत नव्हतं, आणि वर लोखंडावर लोखंड कोरडं घासत होतं. टक-टक-टक. त्याने झटकन इंजिन बंद केलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याने त्याला शेडमधून हाकलून दिलं असतं.

मार्लिस कोट घालून दारात उभी होती. "काय झालं?"

"काही नाही. ऑइल जरा जड झालंय. गरम केलं की झालं."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"मी क्लॅरिसला फोन करते."

"कशाला? तिची गाडी तरी सुरू होणार आहे का या थंडीत? दहा मिनिटं म्हटलं ना."

तो क्षण ऑर्लिनला पुढे आयुष्यभर छळणार होता. तोंडाने तो क्लॅरिसच्या गाडीबद्दल बोलला, पण मनात त्याला कॉफीचं टेबल दिसत होतं, आणि त्या टेबलावर हसणारी माणसं.

या भागातली जुनी माणसं करायची तेच त्याने केलं. घरात शिरून गॅसवर कोळसे पेटवले, मार्लिसचा केकचा पत्रा घेतला, लाल निखारे त्यात ओतले आणि पत्रा गाडीखाली ऑइलच्या टाकीच्या बरोबर खाली सरकवला. वारा निखारे विझवत होता. त्याने भोवती पत्रे उभे केले, त्यांवर घोंगडी टाकली, पोटावर झोपून फुंकर घातली. पापण्या गोठून चिकटल्या. पहिला पत्रा विझला, दुसरा आणला. दहा मिनिटांचे वीस झाले, वीसचा तास. मधूनमधून तो टाकीला हात लावायचा आणि ती प्रेतासारखी गार लागायची. "चल ना," तो इंजिनाला म्हणत होता, "चल ना गं बाई, आजच्या दिवस चल."

स्वयंपाकघरात मार्लिस बॅग मांडीवर घेऊन बसून होती. तीन वेळा तिने फोन उचलला आणि तीन वेळा खाली ठेवला. अडतीस वर्षांच्या संसारात इंजिनाच्या बाबतीत तिने त्याच्यावर कधी अविश्वास दाखवला नव्हता.

नऊला पाच कमी असताना गाडी सुरू झाली. लाल दिवा विझला. मार्लिस धावत आली, "झाली! झाली ना!" म्हणत आत बसली आणि हसता हसता रडायला लागली. ऑर्लिनही हसला, पण त्याचा कान खाली होता. इंजिनाच्या पोटातून बारीक टकटक येत होती, इंजिनाचा वेग वाढला की वाढणारी. बेअरिंग खराब झालं होतं. आठवड्याने जाईल की पंधरा मैलांत जाईल हे सांगता येत नव्हतं. तेव्हाही तो म्हणू शकला असता, थांब, क्लॅरिसला बोलाव. घड्याळ म्हणत होतं, गेलास तर पोचशील.

"आवाज कसला येतोय?" मार्लिसने विचारलं.

"थंडीचा. जाईल गरम झाल्यावर."

रस्त्यावर वाऱ्याने बर्फ आडवा वाहत होता. गाड्या जवळजवळ नव्हत्याच. ऑर्लिनने इंजिनाचा वेग कमी ठेवला, चढावर पाय हलका केला, जपून जपून नेलं. रेसमध्ये इतक्या हळुवारपणे त्याने कधी गाडी चालवली नव्हती. अठ्ठावीस मैल झाले. टकटकीचा ठोका झाला, ठोक्याचा घण झाला. मार्लिस दोन्ही हातांनी बॅगेचे बंद घट्ट धरून समोर बघत होती. मग एक मोठा धडाका झाला, बॉनेटखालून धूर आला, आणि गाडी रस्त्याच्या कडेला घसरत जाऊन थांबली.

वारा गाडी हलवत होता. ऑर्लिनने किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. पुन्हा.

"पुरे," मार्लिस म्हणाली. तिने त्याच्या खिशातून फोन काढला आणि क्लॅरिसला लावला. "क्लॅरिस, मी मार्लिस. मला मूत्रपिंड मिळालंय. बारापर्यंत फार्गोला पोचायचंय आणि आम्ही रस्त्यात अडकलोय. तुमची गाडी..."

"कुठे आहात तेवढं सांग, पोरी," क्लॅरिस म्हणाली.

मग मार्लिसने हॉस्पिटलला फोन केला. बाई चांगली होती. म्हणाली, डॉक्टरांशी बोलते. परत फोन करून म्हणाली, "एकपर्यंत थांबू. त्यापुढे नाही थांबता येणार, मॅडम. मूत्रपिंडालाही वेळ असतो."

पाऊण तास ते दोघे थंड गाडीत एका घोंगडीत बसले. ऑर्लिनने तोंड उघडलं. "मार्लिस, ते ऑइल. ऑक्टोबरमध्ये मी रेसचं ऑइल..."

"तू बोलू नकोस," ती म्हणाली. "आता बोलू नकोस."

साडेदहाला क्लॅरिस आली. तिच्याकडेही वीज नव्हती. तिची गाडी रात्रभर उघड्या गॅरेजात उभी होती आणि पहिल्याच किल्लीला सुरू झाली होती. क्लॅरिस यावर अवाक्षर बोलली नाही. "मार्लिस पुढे. अरे ऑर्लिन, दार लावून घे," एवढंच. तिने हीटर पूर्ण सोडला आणि म्हातारी बाई म्हणून कुणी ओळखणार नाही अशी गाडी मारली. पण बर्फाने समोरचं दिसेनासं झालं की तिलाही हळू व्हावं लागे, आणि ते सारखंच होत होतं. ऑर्लिन मागे बसून घड्याळाकडे बघत होता. साडेअकरा. बारा. साडेबारा वाजले तेव्हा फार्गो अजून पन्नास मैल होतं, आणि त्या मैलांचं गणित त्याच्याइतकं पटकन कुणालाच येत नव्हतं. एक वाजला. ज्या देवाला वर्षानुवर्षं हाक मारली नव्हती त्यालाच ऑर्लिनने आता हाक मारली. माझं काहीही घे म्हणाला. माझे हात घे.

दोनला दहा मिनिटं कमी असताना ते हॉस्पिटलच्या दारात उतरले. मार्लिस पळाली. तिला पळवत नव्हतं, तरी पळाली.

फोनवरची बाई स्वतः खाली आली. तरुण होती, आणि तिचा चेहरा बघूनच कळलं. "मी सव्वा वाजेपर्यंत धरून ठेवलं होतं," ती म्हणाली. "मग त्यांना आत न्यावं लागलं. तुमचं नाव यादीत आहे तसंच राहील."

"किती दिवस?" ऑर्लिनने विचारलं.

"ते कुणालाच सांगता येत नाही, सर."

मार्लिसने मान हलवली. मग म्हणाली, "ज्यांना दिलं ते लहान आहेत का? वयाने?"

"मला सांगता येत नाही, मॅडम."

"बरं," मार्लिस म्हणाली आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर बसली. ऑर्लिन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला, लोक बघत होते तरी. "माझी चूक आहे," तो म्हणाला. "मी गाडीत रेसचं ऑइल घातलं. सकाळी तू क्लॅरिसला फोन करत होतीस, मी करू दिला नाही. लाज वाटली मला. तेवढ्यासाठी. मार्लिस, काहीतरी बोल."

"हो," ती म्हणाली. "तुझीच चूक आहे."

तिने हातमोजे काढले, मांडीवर एकावर एक ठेवले आणि त्याच्या डोक्यावरून क्लॅरिसकडे बघितलं.

"उद्या बुधवार," ती म्हणाली. "सहाला मला डेव्हिल्स लेकला डायलिसिसला पोचायचं असतं. तुम्ही न्याल का?"

"मी नेतो!" ऑर्लिन म्हणाला. "आज घरी गेल्या गेल्या पिकअप जोडायला घेतो, रात्रभर बसतो, सकाळपर्यंत..."

मार्लिसने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"क्लॅरिस? पाचला याल?"

क्लॅरिसने एकदा जमिनीवर बसलेल्या ऑर्लिनकडे बघितलं. त्याच्यावर हसायची संधी अकरा वर्षांनी तिच्याकडे आली होती, आणि तिला ती नको होती.

"येते," ती म्हणाली.