आठ आठवड्यांचं मीठ

टाकीच्या झाकणाच्या कडेवर चढलेला मिठाचा पांढरा थर बाईंनी सुरीच्या पाठीने खरवडला, बशीत गोळा केला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. बशी वजा जाता अकरा ग्रॅम भरलं. बोटाला चिकटलेले कण बशीत झटकून त्यांनी पुन्हा पाहिलं. अकराच.

गेल्या आठ आठवड्यांत त्यांनी त्या टाकीत बाराशे ग्रॅम मीठ घातलं होतं. त्यातल्या अकराचा पत्ता लागला.

टाकी तीनशे लिटरची, खाऱ्या पाण्याची. बैठकीच्या खोलीची एक आख्खी भिंत तिने अडवली होती. आत प्रवाळ, दोन जोकर मासे, काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई. असल्या टाकीचं पाणी समुद्रासारखं असावं लागतं, हजार भागांत पस्तीस भाग मीठ. दर रविवारी बाई खारेपणा मोजायच्या आणि दर रविवारी तो साडेचौतीस निघायचा. मग अर्ध्या अंशाचं, म्हणजे दीडशे ग्रॅम मीठ बादलीत विरघळवून त्या टाकीत सोडायच्या. पुढच्या रविवारी पुन्हा साडेचौतीस. पाणी उडतं, मीठ उडत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे टाकी कुठेतरी झिरपत असणार, दुसरं काय? खारं पाणी जातं आणि रोजची भर गोड्या पाण्याची. गेले पाच रविवार बाई टाकीच्या प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद धरून बसत होत्या. कागद कोरडाच राहत होता.

"सापडलं का?" खुर्चीतून कॅप्टननी विचारलं.

"नाही."

"बसून सापडत नसेल तर आडवी हो. मागच्या सांध्यापाशी बघ. तिथे नाही गं, आणखी आत. हात पोचत नाही? एकतीस वर्षं पाणी तपासलं म्हणे. की नुसती हजेरी लावत होतीस?"

बाई जमिनीवर आडव्या झाल्या. गाल फरशीला लावून त्यांनी टाकीच्या कपाटाखाली हात घातला. वरून कॅप्टन सूचना देत राहिले, डावीकडे, उजवीकडे, जरा वर. दहा मिनिटांनी त्या उठल्या तेव्हा कॅप्टन हसत होते. अर्ध्याच तोंडाने, दुसरं अर्धं आता हसत नसे.

कॅप्टन म्हणजे त्यांचे यजमान. जन्मात बोटीवर चढले नव्हते. बोटीवर चढणाऱ्या मालाचे विमे उतरवण्यात सगळी नोकरी झाली आणि ही टाकी आल्यावर मित्रांनी त्यांना कॅप्टन करून टाकलं. टाकी बावीस वर्षांची. त्यातली एकवीस वर्षं बाईंना तिला हात लावायची बंदी होती. "तुझ्या हाताला लॅबचा वास येतो," हे कारण. पाहुणे आले की कॅप्टन प्रवाळांची ओळख करून देत आणि शेवटी बायकोची. "ही आमची केमिस्टबाई. पाण्यातली तज्ज्ञ आहे. नळाच्या." पाहुणे हसायचे. बाई चहा ओतायच्या.

मागच्या वर्षी कॅप्टनचं डावं अंग गेलं. जीभ शाबूत राहिली. उलट सगळ्या अंगाची धार तिच्यात येऊन बसली. त्यांना उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं बाईंच्या वाट्याला आलं आणि त्याबरोबर टाकीही. बाईंनी पुस्तकं आणून वाचली, वही घातली, रोजचे आकडे लिहिले. दहा महिन्यांत टाकी अशी बहरली, की कॅप्टनच्या मासे पाळणाऱ्यांच्या मंडळातले दोघे बघायला आले तेव्हा दारातच थबकले. मधल्या दगडावरचं हिरवं प्रवाळ मुठीएवढं होतं ते थाळीएवढं झालं होतं आणि त्याची लांब बोटं प्रवाहात डुलत होती.

"कॅप्टन, राग मानू नका," त्यातला एक म्हणाला, "पण तुमच्यापेक्षा वहिनींच्या हाताला गुण आहे."

त्या दिवशी कॅप्टन जेवले नाहीत. पोट जड आहे म्हणाले.

त्यानंतरच प्रवाळ मिटायला लागलं. आधी बोटं आखडली, मग कडेचं मांस मागे सरकून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागला. बाई वहीची पानं पुन्हा पुन्हा तपासत. कॅप्टन खुर्चीतून बघत. "तरी मी सांगत होतो. तुझ्या हातात जे येतं ते असंच वाळतं. मलाच बघ ना."

लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती, दर बुधवारी फोन करायची. "आई, वजन किती झालंय तुझं? खरं सांग. बेचाळीस? दोन्ही तुझ्याच्याने होणार नाही, किती वेळा सांगू? एक काहीतरी सोड. टाकी दे त्या दुकानवाल्याला, तो न्यायला तयार आहे. नाहीतर मग बाबांना..." इथे ती थांबायची. शुश्रूषागृहात नाव तिनेच घातलं होतं. जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतो म्हणाले होते.

"बघू," बाई म्हणायच्या. हे 'बघू' चार महिन्यांचं झालं होतं.

सोडायची ती टाकीच, हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं होतं. लेकीने, दुकानवाल्याने, बाईंनीही. माणूस का सोडायचा असतो? पण संध्याकाळी कामं आटोपून त्या काचेसमोर स्टूल घेऊन बसत. त्या घरात त्यांनी नीट केलेलं काही नीट होतं, हे त्यांना पहिल्यांदा त्या पाण्यात दिसलं होतं. ते आता त्यांच्याच हाताने मरत होतं. असल्या हातांना टाकी ठेवण्याचा हक्क तरी कुठला?

सोमवारी शेजारणीला अर्धा तास बसवून त्या बाटलीभर पाणी घेऊन जुन्या प्रयोगशाळेत गेल्या. त्यांच्या जागेवर आलेली मुलगी धावत पुढे आली, खुर्ची दिली, मीटरची कांडी पाण्यात बुडवली.

"बाई, एकोणचाळीस."

"चौतीस-पस्तीस असेल. मीटर तपास तुझा."

"सकाळीच तपासलाय की!" ती हसली. "तुम्हीच ना आम्हाला घोकून घेतलंत? सख्ख्या आईवर ठेवा, पण यंत्रावर विश्वास ठेवू नका."

बाईंनी पाणी पुन्हा मोजायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा एकोणचाळीस.

परत येताना त्या बसमध्ये बाटली मांडीवर धरून बसल्या होत्या. प्रयोगशाळेत एकतीस वर्षांत एकही दिवस त्यांनी मीटर जुळवल्याशिवाय वापरला नव्हता. घरात वर्षभर वापरला. कारण घरातलं यंत्र कॅप्टनचं होतं. वीतभर नळीसारखं, एका टोकाच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा, निळ्या-पांढऱ्याच्या मधली रेघ ज्या आकड्यावर येईल तो खारेपणा. ते जुळवायचं काम कॅप्टननी सोडलं नव्हतं. दर रविवारी बाई पस्तीसच्या प्रमाण द्रावणाचा थेंब काचेवर टाकत आणि यंत्र दोन्ही हातांनी त्यांच्या डोळ्याशी धरत. कॅप्टन आपल्या शाबूत हाताने बारीक पेचकस घेऊन वरचा स्क्रू फिरवत. पाच-पाच मिनिटं लागायची. बाईंचे दंड भरून यायचे, तरी त्या हलत नसत. एवढं एक काम तरी माणसाला स्वतःचं म्हणून असू दे, असं त्यांना वाटे. बाईंना त्यांची दया येत असे.

घरी कॅप्टन दुपारचे झोपले होते. बाईंनी त्यांच्या उशाशी असलेली यंत्राची पेटी उघडली, काचेवर प्रमाण द्रावणाचा थेंब टाकला आणि खिडकीशी जाऊन डोळा लावला. बाटलीवर पस्तीस लिहिलं होतं. रेघ एकतीसवर होती.

पहिला विचार आला तो हात कापत असेल हा. दृष्टी अधू झाली असेल. त्यांनी वही काढली. आठ रविवार, आठही वेळा बरोबर अर्धा अंश, आठही वेळा खाली. चुकणारा हात दोन्हीकडे चुकतो. कधी वर, कधी खाली. हा हात एकदाही वर चुकला नव्हता. आणि पहिला रविवार कुठला, तर मंडळातली माणसं येऊन गेल्यानंतरचा.

म्हणजे कॅप्टन दर आठवड्याला रेघ अर्धा अंश खाली ओढत होते, बाईंना पाणी कमी खारं दिसत होतं आणि त्या ओंजळीओंजळीने मीठ घालत होत्या. बावीस वर्षं पोटच्या पोरासारखी वाढवलेली टाकी कॅप्टन मारत होते, बायकोच्या हातून, आणि बायकोलाच यंत्र धरायला लावून. गळती शोधायला तिला जमिनीवर आडवी करत होते, ती वेगळी करमणूक.

बाईंनी काच पुसली, पेटी होती तशी ठेवली आणि कॅप्टनच्या चहाचं आधण चढवलं.

दुसऱ्या दिवसापासून, कॅप्टन दुपारी झोपले की त्या टाकीतलं चार लिटर खारं पाणी काढत आणि चार लिटर गोडं घालत. रोज अर्धा अंश, त्याहून घाई नाही. घाई केली तर उरलंसुरलंही जातं. आठव्या दिवशी पाणी पस्तीसवर आलं. मोजायला प्रयोगशाळेतून आणलेला छोटा मीटर होता. तो धान्याच्या डब्यात असे.

रविवार मात्र चुकवला नाही. त्या यंत्र डोळ्याशी धरत. कॅप्टन स्क्रू फिरवत.

"जमलं?"

"जमलं. मोज आता."

बाई खिडकीशी जात, टाकीच्या पाण्याचा थेंब टाकत, न बघताच म्हणत, "साडेचौतीस."

"घाल मग मीठ."

बाई कॅप्टनच्या देखत दीडशे ग्रॅम मीठ मोजत, बादलीत ढवळत, टाकीत सोडायला म्हणून बादली टाकीच्या आडोशाला नेत आणि तिथून आत जाऊन मोरीत ओतत.

दुसऱ्या आठवड्यात हिरव्या प्रवाळाने एक बोट बाहेर काढलं. कॅप्टन त्याच्याकडे बघत राहिले. तिसऱ्या आठवड्यात निम्मं उघडलं. कॅप्टन सकाळी उठल्या उठल्या खुर्ची काचेजवळ न्यायला सांगू लागले.

"मीठ कुठलं वापरतेस?"

"तुमचंच. तुमच्याच डब्यातलं."

"किती घातलंस परवा?"

"तुमच्यासमोर तर मोजलं. दीडशे. का हो? कमी पडतंय?"

कॅप्टननी प्रवाळांची पुस्तकं मागितली. पानं एका हाताने उलटायला जमेना, तर बाई शेजारी बसून उलटून देऊ लागल्या. "हे बघा, इथे लिहिलंय. चाळीसच्या पुढे गेलं तर जगत नाही. आपलं तर पस्तीसवर आहे, काळजीच नाही." कॅप्टननी पुस्तक ढकलून दिलं. चौथ्या रविवारी त्यांचा हात खरोखरच कापत होता. बाईंनी यंत्र अगदी स्थिर धरलं होतं. आपल्याला हे आवडतंय, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते एखादा आकडा टिपावा तसं मनाशी टिपलं आणि तिथेच सोडून दिलं.

कॅप्टनचं जेवण कमी झालं. झोपेत ते आकडे बडबडत. दुपारी जागं राहायचा प्रयत्न करत, मान छातीवर पडेपर्यंत. एकदा त्यांनी बाईंचं मनगट पकडलं. "तू काय करतेस त्या पाण्याला?"

"तुम्ही सांगता तेच," बाई म्हणाल्या आणि मनगट सोडवून घेतलं.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लेक आली. पिशवी दारातच ठेवून टाकीपुढे उभी राहिली. हिरवं प्रवाळ सगळं उघडलं होतं. पांढऱ्या पडलेल्या कडेवरही कोवळं मांस चढत होतं. जोकर मासे त्याच्या बोटांत शिरून बसले होते.

"आई! अगं, तू तर म्हणालीस गेलं सगळं! काय सुंदर झालंय! बाबा, बघितलंत ना? तुमच्या वेळी तरी होतं का असं?"

"खोटं आहे ते," कॅप्टन म्हणाले.

"खोटं काय त्यात? समोर दिसतंय."

"शक्यच नाही!" त्यांनी शाबूत हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. तोंडाच्या मिटल्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. "एकेचाळीस आहे ते पाणी! एकेचाळीस! मी स्वतः केलंय! कधीच मरायला पाहिजे होतं सगळं!"

लेकीने आईकडे पाहिलं. "मी केलंय म्हणजे? काय म्हणतायत बाबा?"

बाईंनी रुमालाने कॅप्टनची हनुवटी पुसली, नीट, कोपऱ्यासकट. कॅप्टन त्यांच्या डोळ्यांत बघत होते. आता त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे बाईंनाही दिसलं होतं.

"कधीपासून माहितीय तुला?" ते पुटपुटले.

"पाच आठवडे झाले."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

लेक दोघांच्या मध्ये उभी होती. तिने पर्समधून फोन काढला, पुन्हा आत ठेवला. मग हळूच म्हणाली, "आई, ते नंतर बोलू. पण दुकानवाला चारला येतोय टाकी बघायला. आणि त्या शुश्रूषागृहालाही आज 'जागा नको' म्हणून कळवायचंय, मग ती दुसऱ्याला देतील ते. टाकीचं एकदाचं हो म्हण ना. तुला जड जाणार, कळतंय मला. पण एक काहीतरी..."

"दुकानवाल्याला येऊ नको म्हणून सांग," बाई म्हणाल्या. रुमालाची घडी करून त्यांनी ती कॅप्टनच्या खिशात ठेवली, त्यांना तिकडे लागेल म्हणून.

"टाकी राहील. हे जातील."