मराठवाड्याचा चित्ररथ

मुखेडहून एसटीनं लातूर, आन् लातूरहून रात्रभर ट्रॅव्हल्समधे अंग आंबवत कोकण. एवढा जीव काढून सिंधु आली होती ती काय समुद्र बघायला न्हाई. तिची लेक वर्षाराणी आज संध्याकाळी समुद्राकाठच्या रस्त्यावर, रोषणाईच्या मिरवणुकीत, कॉलेजच्या पोरींसंगं लेझीम खेळणार होती. दिवाळीपासून पोरीनं अंगणात नुसता धुमाकूळ घातला होता, दावणीची गाय बुजायची. सासू भामाबाईबी गुडघे चोळत संगं निघाली. नात नाचणार आन् आपण घरी बसायचं? हॅट!

खुर्च्या पासवाल्यांना होत्या. या दोघी दोरीला खेटून उभ्या राहिल्या. दिव्यांचे मासे गेले, दिव्यांची होडी गेली, एक लखलखता मोर गेला. भामाबाईनं तोंडाचा आ केला तो मिटेचना. तेवढ्यात भोंगा गरजला, "आता येतोय मराठवाडा!"

सिंधु टाचा उंचावून बघू लागली.

ट्रकवर थर्माकोलची भेगाळलेली जमीन. एक वाळकं झाड, त्याच्यावर गिधाड. त्याखाली पोरी माना खाली घालून उभ्या, फाटक्या लुगड्यांत, गालाला राख फासलेली, हातात रिकाम्या घागरी. लेझीम एकीकडंबी न्हाई. मधोमध वर्षाराणी. चांगल्या धडधाकट पोरीची पार भिकारीण करून ठेवली होती मेल्यांनी!

"वर्षे! लेझीम कुठं गं तुझं?" सिंधु ओरडली.

रथ जवळ आल्यावर पोरगी ओठ न हलवता पुटपुटली, "माय, गप ना. ऐनवेळी बदललं त्यांनी. हसायचंबी न्हाई म्हणालेत."

हसायचं न्हाई! सिंधुच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुष्काळ पडतो की, कोण न्हाई म्हणतंय? तिच्या लग्नाच्या वर्षी गावात टँकर यायचा. म्हणून वरातीत कुणी नाचलं न्हाई व्हय? पंचमीला बायांनी फेर धरला न्हाई? यांना आमची तहान तेवढी दिसती, आमचं खेळणं दिसत न्हाई. आन् खुर्च्यांतली माणसं बघा, चक्‌चक्‌ करत मोबाइलात फोटो काढून राहिलेत. कुणाची कीव करता रे? खाऊनपिऊन सुखी हाय माझी लेक!

"आत्याबाई, पदर खोचा," ती सासूला म्हणाली.

"आगं, माझे गुडघे..."

"खोचा म्हणते ना!"

दोघी दोरीखालून थेट रस्त्यावर. ट्रकच्या पुढ्यात सासूसुनेनं पाय जुळवले, हात घट्ट धरले आन् फुगडी घातली. भामाबाई अशी गरागरा फिरली की गुडघ्यांची आठवणच तिला राहिली न्हाई. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला. वर्षाराणीनं एकवार आईकडं बघितलं, आजीकडं बघितलं आन् फिस्‌कन हसली. मग घागर उलटी करून तिनं तिच्यावर ताल धरला. बाकीच्या पोरी कशाला मागं राहतात? धडाधड घागरी वाजल्या, पोरी ट्रकवरून उड्या टाकून खाली आल्या, फेर धरून नाचू लागल्या. दोरीपलीकडून कुणीतरी शिट्टी मारली.

गळ्यात बिल्ला अडकवलेला संयोजक धापा टाकत आला. "अहो बाई, काय हे! आमचा अख्खा दुष्काळ बिघडवलात!"

सासूचे हात न सोडता, फिरता फिरताच सिंधु ओरडली, "बिघडू द्या! दुष्काळ तुमचा हाय. लेक माझी हाय!"