आत्याच्या नाटकातली झाडं

नगर कला मंडळाच्या सभेच्या खोलीला एकच खिडकी होती आणि त्या खिडकीला एकच पडदा. हा पडदा बदलावा की नाही हे ठरवायला मागे एक उपसमिती नेमली होती. उपसमितीतले तिघेही आता हयात नव्हते. पडदा होता.

त्या दिवशी सभेला सगळ्यात आधी भाचा आला. शहरात त्याचं चष्म्याचं दुकान होतं, बायको होती, दोन लग्नाळू मुली होत्या, डोक्यावरचे केस उडायला आले होते, तरी आख्खं शहर त्याला भाचाच म्हणायचं. बायकोसुद्धा. कारण तो आत्याचा भाचा होता, आणि आत्या सगळ्या शहराची असली तरी सख्खी फक्त त्याची होती.

तो भिंतीवरच्या नकाशापाशी गेला. मंडळाचा सांस्कृतिक आराखडा म्हणजे हाच नकाशा. वर्षभर भांडून मंडळाने त्यावर जांभळ्या टाचण्या टोचल्या होत्या. जिथे जांभळी टाचणी, ती जागा कलेची. जिथे नाही, ती जागा वाहतूक विभागाची, म्हणजे पार्किंगची. आज आराखडा पक्का व्हायचा होता, आणि आज राहिलं ते कायमचं राहिलं. बस डेपोच्या मागे दोरखंडाचं एक जुनं गोदाम होतं. त्यावर आत्ताच एक पिवळी टाचणी दिसत होती. वाहतूक विभागाचे साहेब ती "नुसती कशी दिसते बघायला" लावून गेले होते.

ते गोदाम म्हणजे आत्याचं मुलांचं नाट्यगृह.

भाच्याने पिवळ्या टाचणीला बोट लावलं, आणि त्याला एकदम ओल्या प्लायवूडचा आणि शिजवलेल्या खळीचा वास आला. नकाशाला वास नव्हता, हे त्यालाही माहीत होतं. पण वासाला ते माहीत नव्हतं.

आत्याने आयुष्यात एकाही मुलाला "जागा नाही" म्हटलं नव्हतं. नाटकात कामं दहा आणि दारात मुलं पन्नास, असं दरवर्षी व्हायचं. मग उरलेली चाळीस मुलं झाडं व्हायची. त्यामुळे आत्याच्या नाटकात जंगल असायचंच. गोष्ट राजवाड्यातली असो, जहाजावरची असो, नाहीतर दवाखान्यातली असो. एकदा तर चंद्रावर जंगल होतं. एकाही पालकाने हरकत घेतली नाही, कारण त्या जंगलात प्रत्येकाचं एक झाड होतं.

झाडांचे सदरे चहाच्या पाण्यात बुडवून तपकिरी केलेले असायचे. पानं वर्तमानपत्राची, हिरव्या रंगाची, आणि रंग कायम ओला. नाटकाच्या आठवड्यात शाळेतली निम्मी पोरं हिरवे कान घेऊन फिरायची. आत्या गळ्यात शिट्टी अडकवून समोर उभी राहायची आणि ओरडायची, "हात वर! बोटं सैल! वारा आहे!" आणि एकच नियम सांगायची: पडदा पडल्याशिवाय हात खाली यायचे नाहीत. नाकावर माशी बसली तरी. माशीला झाड आवडतं, त्यात झाडाची काय चूक?

भाचा मात्र कधीच झाड झाला नाही.

"तू घरचा आहेस," आत्या म्हणायची. "घरच्याला झाड केलं तर लोक काय म्हणतील?"

म्हणून त्याच्याकडे पडद्याची दोरी आली. विंगेत उभं राहून त्याने वर्षानुवर्षं दोरी ओढली. शहरातल्या लोकांना तो अजूनही पाठीमागून पटकन ओळखायचा. समोरून जरा वेळ लागायचा.

सभा सुरू झाली. अध्यक्षबाई वर्षापूर्वी दुसऱ्या शहरातून बदलून आल्या होत्या. उंच, सरळ, आणि नियमाला धरून चालणाऱ्या. त्या येण्यापूर्वी मंडळाचा कारभार म्हणजे घरचं कार्य होतं. बासरीवाल्यांच्या कार्यक्रमाला अनुदान द्यावं असं बासरीवालेच सुचवायचे आणि स्वतःच भरल्या गळ्याने अनुमोदनही द्यायचे. अध्यक्षबाईंनी आल्या आल्या हितसंबंधाचं कलम कपाटातून बाहेर काढलं. तेव्हापासून बासरीवाल्यांचा गळा भरला नव्हता.

पहिला विषय चौकातल्या शिल्पाचा होता. ते कारंजं आहे की गळती, हे मागच्या तीन सभांत ठरलं नव्हतं. आज ठरलं. गळती होती, पण कलात्मक होती. जांभळी टाचणी.

"पुढचा विषय," अध्यक्षबाई म्हणाल्या. "दोरखंडाचं गोदाम. मुलांचं नाट्यगृह. ज्या सदस्याचं अर्जदाराशी नातं असेल, किंवा ज्याने अर्जदाराच्या कार्यक्रमात कधीही भाग घेतला असेल, त्याने बाहेर थांबावं."

भाच्याने महिनाभर आरशासमोर भाषण पाठ केलं होतं. ते त्याने गिळलं आणि उठला. सहा जणांचं मंडळ. निर्णयाला चार लागतात. आत पाच उरले. हरकत नाही, असं मनाशी म्हणत त्याने दार ओढून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात बाकावर आत्या बसली होती. मांडीवर पिशवी, गळ्यात शिट्टी.

"झालं का रे?"

"नाही. मला बाहेर काढलं."

"बरोबर आहे. घरचा आहेस."

तो तिच्या शेजारी टेकतो न टेकतो तोच दार उघडलं. निवृत्त मुख्याध्यापिका बाहेर आल्या. सगळं शहर त्यांना घाबरायचं, अजूनही.

"बाई, तुम्ही का आलात?" भाचा म्हणाला.

"झाड," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. "उजवीकडून सातवं. आत्या, ओळखलंत का?"

"तुझी वेणी सारखी घोड्याच्या तोंडात जायची," आत्या म्हणाली.

आत चार. दार पुन्हा उघडलं आणि शिल्पकार बाहेर आले. भाच्याने उडी मारून त्यांना दारातच अडवलं.

"अहो, आत जा! चार लागतात!"

"कसा जाऊ? मी तिसऱ्या रांगेत होतो."

"कोणाच्या लक्षात आहे?"

"माझ्या आहे ना! अरे, त्या वर्षी माझ्या खांद्यावर खरं पाखरू बसलं होतं. ते लपवू? मग आयुष्यात सांगायला राहिलं काय?"

मागून छापखानेवाले आले. भाच्याने हात जोडले. "दादा, तुम्ही तरी झाड नव्हता ना?"

"छे," छापखानेवाले म्हणाले.

भाच्याचा जीव भांड्यात पडला.

"मी तळं होतो," छापखानेवाले म्हणाले. "आडवा."

बासरीवाले सगळ्यात शेवटी आले. त्यांनी नुसतं वर, चंद्राकडे बोट दाखवलं. सकाळचे अकरा वाजले होते, पण सगळ्यांना कळलं.

मग बाकावर जे सुरू झालं ते सभेत कधीच झालं नव्हतं. सगळे एकदम बोलायला लागले. कोणाला कोणत्या वर्षी शिंक आली, कोणाचं पान राजाच्या सूपमध्ये पडलं आणि राजाने ते कसं खाऊन टाकलं. मुख्याध्यापिका हसता हसता डोळे पुसत होत्या. भाचा मात्र हसत नव्हता. त्याला दिसत होतं की ही सगळी प्रामाणिक, चांगली माणसं ओळीने उभी राहून नाट्यगृहाचा गळा दाबत होती, आणि तेही प्रेमाने. आत्याने एकाला जरी कधी हाकलून दिलं असतं, तरी आज तिच्या बाजूने हात वर करायला आत कोणीतरी बसलेलं असतं.

अध्यक्षबाई फाइल घेऊन दारात आल्या. "आत मी एकटीच आहे. चार जण नसतील तर विषय आराखड्यातून वगळावा लागेल."

"बदली सदस्य घेता येतो ना?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"येतो. या इमारतीतला कोणीही. तीन हवेत. पण संबंध नसलेले."

इमारत पालथी घातली. चहावाल्या मावशी झाड. लिफ्टवाले झाड. गटारांचे अभियंता झाड, आणि वर विचारायला लागले की नाटक पुन्हा बसवताय का. शेवटी वाहतूक विभागाचे साहेब स्वतःच जिना चढून आले. पिवळी टाचणी त्यांचीच.

"मी बसतो की," साहेब म्हणाले. "माझा काय संबंध?"

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. साहेबांचे कान लाल झाले.

"घोड्याचे मागचे पाय," साहेब हळूच म्हणाले.

"म्हणजे झाड नाही ना?" भाचा आशेने म्हणाला.

"शेवटच्या प्रवेशात घोडा मेला. मग झाड."

"आणि तरी तिथे टाचणी टोचलीस?" छापखानेवाले भडकले.

"मला वाटलं, दुसरा कोणीतरी वाचवेल," साहेब म्हणाले. "इतके जण होतो आपण."

अध्यक्षबाई फाइल चाळत होत्या. चाळता चाळता थांबल्या.

"पुढचं कलम आहे," त्या म्हणाल्या. "जो संबंध शहरातल्या सर्वांचाच आहे, तो हितसंबंध मानू नये. पाणी, रस्ता वगैरेसाठी असतं ते. नाहीतर नळाचा निर्णय घ्यायला तहान नसलेला माणूस शोधावा लागला असता."

"मग झालं की!" बासरीवाले उभे राहिले. "सगळे होतोच!"

"सर्वांचा म्हटलंय," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मी नव्हते."

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. पावसाचा अंदाज सांगावा तसं म्हणाल्या. मग, कोणी विचारलं नसताना, पुढे म्हणाल्या, "आमच्या शाळेत मला उंच म्हणून नाटकात घ्यायचे नाहीत. वर्गाच्या फोटोत मी आहे. मानेपर्यंत."

आत्या बाकावरून उठली. अध्यक्षबाईंभोवती एक चक्कर मारली आणि त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"मागची रांग," आत्या म्हणाली. "मागे मला उंची कायम कमी पडली गं. फाइल खाली ठेव."

"हे नियमात बसतं का?"

"तालमीत उभं राहिलं की नाटकात आलं. आमचा नियम आहे."

"लेखी?"

"गोदामाच्या दारावर खडूने," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मीच गिरवायचे दरवर्षी."

अध्यक्षबाईंना नियम आवडायचे. ते कोणाचे आहेत यावर त्यांचा कटाक्ष नव्हता. त्यांनी फाइल बाकावर ठेवली, भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात वर केले. ताठ, बँकेत दरोडा पडल्यासारखे.

"बोटं सैल," आत्या म्हणाली. "वारा आहे."

व्हरांड्यात वारा नव्हता. तरी त्यांची बोटं हलली. मग मुख्याध्यापिकांचे हात वर गेले, मग शिल्पकारांचे, चहावाल्या मावशींचे, साहेबांचे. कोणी सांगितलं नव्हतं. छापखानेवाले क्षणभर जमिनीकडे बघत उभे राहिले, मग गुडघ्यांचा विचार करून उभ्याचंच तळं झाले. भाचा एका कडेला होता. त्याचा उजवा हात आपोआप हवेत दोरी चाचपत होता.

"आता सर्वांचा," अध्यक्षबाई हात खाली न घेता म्हणाल्या.

"एक राहिलाय," आत्या म्हणाली. आणि भाच्याकडे वळली.

"मी घरचा आहे," भाचा म्हणाला. इतकी वर्षं ते वाक्य तिचं होतं.

"लोक काय म्हणतील म्हणून तुला कधी उभा केला नाही. सगळे लोक इथेच आहेत. काय रे, काय म्हणता?"

लोक काही म्हणाले नाहीत. मग शिल्पकार, हात वरच ठेवून, म्हणाले, "आम्हाला वाटायचं, तुलाच आमच्यात यायचं नसतं."

भाच्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चष्मा स्वच्छच होता. मग तो बासरीवाल्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि हात वर केले. झाडांत उभं राहिलं की सगळं वेगळं दिसतं असं त्याला वाटत आलं होतं. तसं काही नव्हतं. फक्त समोरून चेहरे दिसत होते.

"नात्याचं कलम उरतं," साहेब म्हणाले. त्यांना नियम पाळायची हुक्की चुकीच्या वेळी यायची.

"त्या सगळ्यांच्याच आत्या दिसतात," अध्यक्षबाई म्हणाल्या. "चला आत."

सगळे आत आले. विषय वाचला गेला. "अनुकूल असतील त्यांनी हात वर करावा."

मंडळाने हात वर केले. दोन्ही.

"एक पुरे," अध्यक्षबाई म्हणाल्या, पण त्यांचेही दोन्ही वरच होते. निर्णय एकमताने झाला. साहेबांनी, त्यांना मत नसूनही, नकाशावरची पिवळी टाचणी दाताने उपटली, कारण हात वर होते. तरीही कोणी हात खाली घेईना. मिनिट गेलं. भाच्याच्या खांद्यांत कळ यायला लागली, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पडदा पडला नव्हता. पडदा त्याचं काम. त्याचा उजवा हात खाली यायला लागला.

"हलू नकोस," दारातून आत्या म्हणाली. "मी बघते."

ती खिडकीपाशी गेली. उपसमितीच्या त्या पडद्याला तिने दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. निम्म्या कड्या तुटून टणटण खाली पडल्या, पण खिडकी झाकली गेली. खोलीत गोदामासारखा अंधार झाला. सगळ्यांचे हात हुश्श करून खाली आले.

एकाचे सोडून.

"अहो, झालं," अध्यक्षबाई भाच्याला म्हणाल्या. "खाली घ्या आता."

"राहू दे गं त्याला," आत्या म्हणाली. "नवीन आहे."