नऊ खवण्या

कस्तुरी पुण्याहून बेंगळुरूला आलेली, स्वयंपाकघरातल्या वस्तू डिझाइन करणारी. शेजारच्या चंद्राबाईंचा डावा हात अर्धांगवायूने लुळा पडला होता. त्यांना एका हाताने नारळ खवता येईल अशी खवणी तिला बनवायची होती. त्यासाठी चिकपेटेच्या बाजारातून तिने नऊ तऱ्हेच्या खवण्या आणल्या आणि त्यांच्यासमोर मांडल्या.

"अक्का, एकेक वापरून बघा. कुठे अडतं तेवढं सांगा."

रबरी तळाची ओट्यावरून निसटली. स्क्रूची घट्ट बसली, पण एक हात दांडा फिरवण्यात गुंतल्यावर नारळाची वाटी धरणार कोण? आठ खवण्या झाल्या, कस्तुरीची वही तक्रारींनी भरली. उरली जुन्या पद्धतीची, पाटावर बसून वापरायची.

"ही बरी गं. आपल्याच भाराने जागची हलत नाही. पण मला खाली बसवत नाही."

कस्तुरी ताडकन उठली. तिने तो पाट खुर्चीवर ठेवला आणि पात्याखाली स्टुलावर ताट. "आता बसा!"

चंद्राबाईंनी उजव्या हाताने वाटी पात्यावर फिरवली. ताटात भराभर पांढरंशुभ्र खोबरं पडू लागलं.

"सरी, सरी! अगदी बरोबर! अजून एक नारळ फोड!" त्या आनंदाने ओरडल्या.

कस्तुरीने आधी कोरं पान उघडलं आणि खुर्चीला अडकवायच्या खवणीचं पहिलं चित्र काढलं.