गोळी सुनेची, डबी सासूकडे

...चंदेरी पन्नीचा एक कोपरा उचकटलेला आणि तरी गोळी आतच. बोटानं दाबली की किंचित हलते आणि पुन्हा आपल्या खळग्यात जाऊन बसते. शकुंतलाबाईंनी स्ट्रिप खिडकीच्या उजेडात धरली. ऑन्डान्सेट्रॉन. उलटीची. चष्मा न लावताही वाचता आलं. दुसरी स्ट्रिप लांबट, मोठाल्या पांढऱ्या गोळ्यांची — लेव्होकार्निटिन, ताकदीची — आणि खाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत बरंच काही, तेही येतंच. सगळी नोकरी अंगणवाडीत गेली, गोळ्यांचे डबे वाचण्यात आणि वाटण्यात. आणि सकाळी याच बाई लेकाला फोनवर म्हणाल्या होत्या, ‘मले का असं इंग्रजी नाव घेता येते बाबा, लांबलचक लिहिलं आहे काहीतरी.’ बोलताना हसू येत होतं. पण हसलं की पोटातलं वर येतं, म्हणून ओठ मिटून घेतले होते.

मळमळ सकाळपासून घशाशी बसलेली. दारात उभ्या राहणाऱ्या, आत न येणाऱ्या आणि परतही न जाणाऱ्या पाहुणीसारखी. दोन डायलिसिसांच्या मधल्या दिवशी हे असंच. उद्या गोंदियाला जायचं, सुया टोचून घ्यायच्या, आणि तिथले डॉक्टर या दोन स्ट्रिपांकडे एक नजर टाकून सांगतील, चालतात की नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. म्हणजे हा प्रश्न आजच्यापुरताच आहे. उद्या तो मेला. इतका चांगला प्रश्न माझ्या हाती पुन्हा कधी लागायचा?

कारण उलटीची गोळी हेमेंद्रची. तो भिलाईहून आला, डॉक्टरांसमोर बसून लिहून घेऊन गेला. आणि ताकदीची रेणूची, चंद्रपूरहून पार्सलनं आलेली; तिच्या शेजारच्या डायलिसिसवालीला त्या गोळीनं म्हणे बरं वाटलं. एक गोळी भावाची, एक बहिणीची, आणि भाऊबहीण तीन वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत.

‘त्या ताकदीच्या गोळ्या सांगितल्या कोणी?’ हेमेंद्रचा आवाज लगेच चढला होता.

‘रेणूनं पाठवल्या.’

‘मग ठेवून दे. डॉक्टरची आहे ना, ती घे चुपचाप.’

‘दोन्ही संग चालतात का, तेवढं तिले विचार ना बाबा.’

‘आई, माझी ड्यूटी आहे.’

मग रेणूला आपणहून फोन लावला, तर ती त्याहून वरची. ‘तुझ्या लाडक्याची गोळी कायले खातेस? उलटी दाबून धरायची नुसती. अंगात काही गेलं पाहिजे का नाही?’

‘त्याले विचारून सांग, दोन्ही संग...’

‘मी?’ हा ‘मी’ तिनं इतका लांबवला की त्यात बापाचा घाट, धूर, खांद्यावरची बॅग, सगळं मावलं.

...रेणूची ती गाडी अर्जुनीच्या पुढे अडकून उभी राहिली होती. इकडे घाटावर सूर्य खाली चाललेला. म्हातारे म्हणाले, आता थांबू नये. हेमेंद्र म्हणाला, ठीक आहे. पोरांचे बाबा, दुलीचंद, गेले ते पोरीला तोंड न दाखवता गेले. रेणू पोचली तेव्हा माणसं परत फिरली होती, धूर तेवढा उभा होता. ती रडली नाही. भावाकडे पाहून एवढंच म्हणाली, ‘घाई होती का?’ आणि तेव्हापासून दोघं एकमेकांचं नावही घेत नाहीत. तो ‘ती’ म्हणतो. ही ‘तुझा लाडका’ म्हणते. राखी नाही, की घरातल्या पोरांच्या वाढदिवसाला फोन नाही.

म्हणून आज दोघांनाही एकच वाक्य सांगितलं, शब्दाला शब्द तोच — दोघं मिळून ठरवा. तोवर मी एकही घेत नाही.

युक्ती जुनीच. केशोरीच्या अंगणवाडीत असताना भूमेश्वरी नावाची एक पोर होती, पोटुशी, डोळे पांढरेफटक. दिलेली लोहाची गोळी छपराच्या पत्र्यात लपवून ठेवायची. सासूशी अबोला. तेव्हा शकुंतलाबाईंनी डबी सासूच्या हातात दिली — गोळी सुनेची, डबी तुमच्याकडे, समोर गिळवायची. आधी म्हातारी गोळी ताटाच्या काठावर आपटायची. मग ‘हे घे वं.’ मग ‘घेतली का?’ मग ‘घेतली का माय?’ बाळंतपणापर्यंत दोघींचं असं काही जुळलं की विहिरीवर बसून दोघी मिळून शकुंतलाबाईंचीच चुगली करायच्या. किती हसलो होतो आम्ही तेव्हा, मी आणि दुलीचंद...

दुपारी मंदाबाई डोकावली. शेजारीण, रोज एकदा येते, पाहून जाते — खरं तर काय पाहून जाते ते शकुंतलाबाईंना ठाऊक आहे. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची सून रुसली, हे सारं तिच्या पदराला बांधलेलं असतं, आणि आजारी बाईच्या घरून तिला जरा जास्तच न्यायला मिळतं.

‘बाई, तोंड काऊन असं झालं? गोळी घेतली नाही का?’

‘लेकरं ठरवून राहिले.’

‘काय ठरवून राहिले?’

‘कोणती घ्यायची ते.’

‘अवं, त्याच्यात ठरवायचं काय! टेशनजवळच्या मेडिकलवाल्याले दाखवते. द्या, मी जाऊन येते.’ तिनं स्ट्रिप उचललीसुद्धा.

‘ठेव!’ शकुंतलाबाई एवढ्या जोरानं म्हणाल्या की त्यांना स्वतःलाच दचकायला झालं. मग सौम्यपणे, ‘असू दे. येईल त्यांचा फोन.’

मंदाबाईनं स्ट्रिप पलंगावर टाकली. ‘दुसऱ्याच्या पोरींले गोळ्या गिळवत फिरल्या जन्मभर,’ ती म्हणाली, ‘आन् आता आपलीच पाळी आली तं नखरे.’ आणि पदर झटकून गेली.

ती गेल्यावर उलटी झाली. पोटात होतंच काय, कडू पाणी. मोरीच्या कठड्याला धरून त्या उभ्या राहिल्या. तोंड धुतलं, चूळ भरली, घोट मात्र गिळला नाही, पाण्याचंही मोजमाप आहे. पलंगावर येऊन स्ट्रिप हातात घेतली. आता घ्यावी. एक दाबली की झालं... कुणाला कळणार आहे? पण मग संध्याकाळी आवाज बरा येईल, आणि आवाज बरा आला की दोघंही सुटले.

फोन उचलला. हेमेंद्र — दुसऱ्या कॉलवर व्यस्त. असेल कुणाचा. रेणू — दुसऱ्या कॉलवर व्यस्त.

शकुंतलाबाई सरळ बसल्या.

पुन्हा हेमेंद्र, व्यस्त. पुन्हा रेणू, व्यस्त. ती नणंदेशी बोलत असेल. तो ड्यूटीवर, कुणा साहेबाशी. तसंही असेल. आणि नसेल तर? नसेल तर तो म्हणत असेल, आई ऐकत नाही. ती म्हणत असेल, तिचं नेहमीचंच आहे. आणि मग... मग कुणीतरी हसलं असेल का? आधी कोण हसलं असेल? माझ्यावरूनच हसले असतील. विहिरीवरच्या त्या दोघींसारखे...

हा विचार आला आणि जायला तयार होईना. रोज सकाळी त्याचा फोन, रोज संध्याकाळी तिचा. तो विचारतो, ‘तिचा आला होता का? काय म्हणत होती?’ ती विचारते, ‘तुझा लाडका काय म्हणतो?’ एकमेकांना विचारायचं ते मला विचारतात. त्यांच्या अबोल्याचं सगळं बोलणं माझ्या कानातून जातं, तीन वर्षं जात आलं आहे, आणि मी दुःखी चेहऱ्यानं ते ऐकत आले — ऐकत आले, आणि आजपर्यंत एकदाही म्हटलं नाही की तुम्हीच एकमेकांना विचारा. उद्या त्यांचं जमलं की तो तिला विचारेल, ‘आईशी बोललीस?’ ‘बोलले, बरी आहे.’ ‘मग ठीक.’ ठीकच होईल सगळं. मग दोघं मिळून हेही ठरवतील, आईला इथे आमगावात एकटी कशाला ठेवायची.

पण त्यांना तर मीच सांगितलं, मिळून ठरवा म्हणून.

अंगठा हेमेंद्रच्या नावावर होता. तिसऱ्यांदा लावला तर त्याच्या फोनवर दिसेलच: आई. तो म्हणेल, थांब, आईचा येऊन राहिला. आणि फोन कापेल. तीन वर्षांनी जुळलेला — जुळला असेल तर — तो फोन या एका अंगठ्यानं तुटेल. आणि मग तो आपल्याशी बोलेल.

त्यांनी फोन पालथा घातला. उचलला. पुन्हा पालथा घातला, या वेळी हाताच्या पलीकडे, उशीच्या वरच्या टोकाला.

सुया टोचायचा डावा हात कानाशी नेला. ऑपरेशन करून जोडलेली शीर आत घुरघुरत होती, रोजच्यासारखी, कुणी लांबून एकसारखं बोलत असावं आणि शब्द कळू नयेत तसं. दोन्ही स्ट्रिपा मांडीवर. मळमळ दारातच उभी. फोन वाजू नये... इतक्यात तरी वाजू नये, असं त्यांना मनापासून वाटलं. आणि वाजलाच तर आधी कोणाचा वाजतो, हेही वाटून गेलंच.